माजी व्याही

सुतारानं ब्रेक दाबले, पण सायकल थांबवली नाही. पुढच्या वळणावर, कठड्याला टेकवलेल्या सायकलीशेजारी एक माणूस उकिडवा बसला होता. हातात तुटलेली चेन, बोटं काळीकुट्ट. ते पोस्टमास्तर होते. सुताराच्या मुलीचे सासरे. खरं तर गेल्या दोन वर्षांपासून तेही नाहीत.

नजरानजर झाली. पोस्टमास्तरांनी हात केला नाही की हाक मारली नाही. अर्धवट पत्त्याचं पाकीट न्याहाळावं तसे ते चेनकडे पाहत राहिले.

सुतार पुढे गेला. पाचशे किलोमीटरची ही फेरी छत्तीस तासांत पुरी करायची होती. काल सकाळी सहाला निघालेले चाळीस जण आता डोंगरात विखुरले होते. घाट उतरला की समुद्र, मग समुद्राकाठानं नव्वद किलोमीटर, आणि संध्याकाळी सहाच्या आत शेवटच्या ठाण्यावर कार्डावर शिक्का. बाहेरच्या कुणाची मदत चालत नव्हती; फेरीतल्या गड्यानं केली तर चालत होती. गेल्या वर्षी सुतार अकरा मिनिटांनी चुकला होता. आज हाताशी पाऊण तास जादा होता आणि तो त्यानं रात्रभर डोळ्यात तेल घालून जपला होता.

पण अडलेल्याला वाटेत टाकून जायचं नाही, हा त्याच्या वडिलांचा दंडक होता. अडलेला कोण, हे त्या दंडकात कुठं नव्हतं. दोन वळणं खाली गेल्यावर तो शिव्या देत मागे फिरला.

"सरका," सायकल आडवी टाकत तो म्हणाला.

"राहू द्या. तुमचा वेळ जाईल."

"सरका म्हटलं ना."

दोन कड्या वाकल्या होत्या. सुतारानं पिशवीतून हत्यार काढलं, वाकड्या कड्या काढून टाकल्या आणि सुटी कडी बसवू लागला. पोस्टमास्तरांनी चेनची टोकं धरून ठेवली. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ होती, आणि तोंडं बंद.

मुलांच्या लग्नाच्या वर्षी दोघांनी एकाच दुकानातून सायकली घेतल्या होत्या. दर आठवड्याला पहाटे बाहेर पडायचे. लग्न पोरांचं लागलं की या दोघांचं, असं घरात सगळे म्हणायचे. मग एका दुपारी मुलगी दोन बॅगा घेऊन परत आली. पोरांनी भांडणतंटा केला नाही. कोर्टात घटस्फोटाच्या सह्याही एकाच पेनानं केल्या म्हणे. सुताराला ते जमलं नसतं. त्यानं त्याच दिवशी पोस्टमास्तरांचा नंबर फोनमधून पुसून टाकला होता.

चेन बसली. पंचवीस मिनिटं गेली होती.

"उपकार झाले," पोस्टमास्तर म्हणाले.

"गिअर जपून टाका," एवढंच बोलून सुतार सायकलवर बसला.

समुद्र लागला तेव्हा ऊन चढलं होतं आणि वारा समोरून होता. एकट्यानं त्या वाऱ्याशी झोंबणं म्हणजे भिंत ढकलत नेणं. दहा किलोमीटर सुतारानं ती ढकलली. मग मागून पोस्टमास्तर आले, पुढे गेले आणि वारा अंगावर घेऊ लागले. सुतार त्यांच्या मागच्या चाकाशी चिकटला. थोड्या वेळानं पोस्टमास्तरांनी 'आता तुम्ही पुढे' अशा खुणेनं कोपर हलवलं. सुतार पुढे झाला. असं आळीपाळीनं पन्नास किलोमीटर गेले. मासळीची जाळी वाळत घातलेली, होड्या पालथ्या पडलेल्या, रस्ता कधी पाण्याला लागून तर कधी टेकाडावर.

एका चढावर पोस्टमास्तर शेजारी आले.

"उभं राहून मारू नका पायडल. डाव्या गुडघ्यावर ताण येईल."

सुतारानं मान वळवली. गुडघ्याचं दुखणं गेल्या उन्हाळ्यातलं होतं.

"माझा गुडघा तुम्हाला कुणी सांगितला?"

चढ संपला तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले, "फोन येतो तिचा. आठवड्याला एक. आधी सासूशी बोलते, मग मला घ्यायला लावते."

"कधीपासून?"

"बंद कधी झालाच नाही."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"तिनंच बजावलं होतं. बाबा माझ्यापायी रुसलेत, त्यांचा रुसवा मी कुठल्या तोंडानं मोडू, म्हणाली."

सुतारानं गिअर बदलला आणि जोरात पायडल मारलं. अंतर पडत गेलं. दोन वर्षं जेवायला बसल्यावर तो त्या घराचा उद्धार करत आला होता आणि मुलगी ताटात बघून जेवत होती. त्या घराच्या आठवणीनं तिच्या मनाला लागतं म्हणून ती गप्प राहते, असं तो धरून चालला होता. लागत तर होतंच, त्याच्याच बोलण्यानं.

वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आणलं. ते त्यानं मनगटानं पुसलं. मागे वळून न बघता त्यानं पायडल सैल सोडलं, मागून येणाऱ्या चाकाची खरखर जवळ येईपर्यंत तसंच राहू दिलं, आणि मग पुन्हा वाऱ्यात डोकं घातलं. या खेपेला त्यानं बराच वेळ कोपर हलवलं नाही.

सहाला आठ मिनिटं कमी असताना दोघं ठाण्यावर पोचले. टेबलामागच्या बाईनं दोन्ही कार्डांवर शिक्के मारले.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावर मारले," पोस्टमास्तर कार्डावर फुंकर घालत म्हणाले, "आता म्हातारपणी स्वतःच्या."

सुताराला हसू आलं, ते त्यानं दाबलं नाही. एवढ्यात त्याचा फोन वाजला.

"बाबा, पोचलात?" मुलगी विचारत होती.

"पोचलो. वेळेत."

"पाय कसा आहे? कुणी होतं का सोबतीला?"

मुलीचा फोन आहे हे ओळखून पोस्टमास्तर नळाकडे निघाले होते. सुतार आखडलेल्या पायांनी त्यांच्या मागे गेला.

"थांब हं," तो फोनमध्ये म्हणाला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. "घ्या."

पोस्टमास्तर चेनच्या वंगणानं काळी झालेली बोटं पुसू लागले.

"घ्या की. खोळंबलीय ती."

फोन त्यांच्या हातात देऊन तो पलीकडच्या पायरीवर गेला आणि, त्यांचं बोलणं कानावर पडणार नाही इतक्या अंतरावर बसून, बुटांच्या नाड्या सोडू लागला.