सड्यावरचं गाऱ्हाणं

अनुजाने लॅपटॉप मांडीवर घट्ट धरला आणि श्वास रोखला. पडद्यावर तिच्या चेहऱ्याखाली लाल अक्षरं उमटली होती: आवाज ऐकू आला, ही दुसरी सूचना.

पहिली गाईच्या हंबरण्याची, दुसरी कावळ्याची. लॉकडाऊनमध्ये परीक्षा घरीच, बंद खोलीत शांतपणे द्यावी, असं विद्यापीठाने कळवलं होतं. त्यांना वालावलचा सडा, गावावरचा हा उघडा कातळमाळ, कुठून ठाऊक असणार? रेंज यायची ती इथेच, काजूच्या बागेच्या टोकाला, गावच्या राखणदार देवाच्या दगडापाशी. तिसरी सूचना आली की पेपर बंद आणि शेवटचं वर्ष वाया. भीतीने तिला येत असलेली उत्तरंही आठवेनात.

"बाबा, थंय कोणी येवचा नाय हां," तिने सकाळीच बजावलं होतं. "कॅमेऱ्यात दुसरो माणूस दिसलो तर माझा सगळा संपला."

"मी कित्याक येतंय?" बाबा म्हणाले होते.

आता पाचोळा वाजला. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाबा लांबून वळसा घालून, चपला हातात घेऊन दगडाच्या पलीकडे आले होते. दिसायचं नाही, एवढंच त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. काखेत नारळ होता. त्यांना थांबवायचं तर बोलावं लागणार, आणि मान वळवायचीही सोय नव्हती. तिला त्यांचा भयंकर राग आला.

देवाला गाऱ्हाणं घालायचं ते तोंडाने बोलून, मनातल्या मनात घालायची रीत नाही. बाबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि जमेल तेवढ्या हळू सुरुवात केली.

"बा राखणदारा महाराजा, माझ्या चेडवाची परीक्षा आसा. तिका पास कर म्हणान मी सांगणंय नाय."

अनुजाचं बोट कीबोर्डवरच थांबलं.

"ती रातभर जागी रवता. समोरचा ताट तसाच सरकवता. पडवीत तोंड दाबून रडता. तिका वाटता, बापाशीक काय कळणा नाय. पेपराचा काय व्हायचा ता होऊंदे. माझ्या चेडवाक दोन घास जेवण आणि सुखाची झोप दे रे महाराजा!"

वाऱ्याच्या सळसळीत एवढा हळू आवाज लॅपटॉपने टिपला नसावा. लाल अक्षरं होती तशीच होती.

बाबा थांबले. गाऱ्हाण्याला मागून कोणीतरी मोठ्याने होकार द्यावा लागतो, तेव्हाच ते पुरं होतं. घरी आई द्यायची, देवळात सगळा गाव. बाबांनी सवयीने मागे वळून पाहिलं. तिथे काजूची झाडं तेवढी होती. ते तसेच हात जोडून उभे राहिले.

अर्धा पेपर अजून बाकी होता. अनुजाला रडू आलं आणि ते तिने आज दाबलं नाही.

"व्हय महाराजा," ती म्हणाली. बाबांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात.