गेटवरचा फोन

“आणि हा गेटवरचा फोन? ह्याचं काय करू, सर?”

“तक्रारी किती?”

“वर्षभरात एकही नाही.”

“मग विचारतेस काय?” मॅनेजर हरेशसरांनी चहाचा कप उचलला. “टाक तिसऱ्यात.”

सोनलने टाकला. वडप्याच्या त्या गोदामातल्या कम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर अशा सगळ्या यंत्रांची नोंद तिच्याकडे असे. मुख्य ऑफिसने बावीस प्रकारांची यादी पाठवली होती. त्यातले महत्त्वाचे कोणते, ते तुम्हीच ठरवा म्हणून. पहिल्या वर्गातलं यंत्र बिघडलं तर तासाभरात दुरुस्ती, दुसऱ्यातलं दिवसभरात, तिसऱ्यातलं आठवड्यात. सोनलने डोकं चालवून वर्षभराच्या तक्रारी मोजल्या. जास्त तक्रारी ते वर. सरांच्या केबिनमधला मोठा टीव्हीसुद्धा दुसऱ्या वर्गात बसला, कारण क्रिकेटच्या दिवसांत तो अडकला की सर स्वतः तक्रार टाकत.

“डोकं आहे हां तुला,” सर म्हणाले. ते शब्द तिने काल्हेरला घरी पोचेपर्यंत सांडू दिले नाहीत.

फोनची तक्रार येणार कुठून? तक्रार कम्प्युटरवरून करायची, आणि तो फोन ज्यांच्या कामाचा, त्या पॅकिंगच्या बायकांना कम्प्युटर कुठला? त्यांचे मोबाइलही सकाळीच बंद करून गेटवरच्या पेटीत जमा होत. घरून काही निरोप आला तर त्या फोनवर. मग पहारेकरी केसरीनाथ आवारात येऊन नावाचा पुकारा करी. सहा वर्षं सोनल तो पुकारा ऐकत होती. यादी करताना तेवढा ऐकू आला नाही.

पुढे एका सोमवारी केसरीनाथ जिना चढून वर आला. “मॅडम, फोन मेलाय.”

“आठवड्यात होईल, काका. नियम आहे,” ती मान वर न करता म्हणाली.

बुधवारी पॅकिंगमधल्या ठमाबाईची आई पाड्यावर अंगणात कोसळली. भाचीने गेटवर अकरा वेळा फोन लावला. सुट्टी झाल्यावर पेटीतून मोबाइल काढून सुरू केला, तेव्हा ठमाबाईला कळलं. म्हातारी चार वाजताच गेली होती. जाईपर्यंत ‘ठमा आली का’ एवढंच विचारत होती.

फोन दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. एक वायर तुटली होती. दहा मिनिटांचं काम.

सोनलला कुणीच काही बोललं नाही, हीच पंचाईत झाली. सर तर म्हणाले, “आपलं नियमात बसतं. घाबरू नकोस.”

आईचे दिवस घालून ठमाबाई कामावर आली. जेवणाच्या सुट्टीत ती शेडच्या भिंतीआड बसली होती, तिथे सोनल जाऊन उभी राहिली.

“मावशी, तो फोन... तो सावकाश दुरुस्त केला तरी चालेल, असं मीच लिहून दिलं होतं.”

ठमाबाईचा घास हातात राहिला. “तू?”

“मी.”

“तुला ठाव नव्हता, आमचे निरोप त्याच्यावरच येतात ते?”

‘नव्हतं’ म्हटलं असतं तर सुटका होती. तो शब्द जिभेवर आलाही होता.

“ठाऊक होतं,” सोनल म्हणाली.

ठमाबाईने डबा बंद केला, हात धुतले, पदराला पुसले.

“आता चालू हाय?”

“आहे.”

“लावून दाव.”

सोनलने आपल्या मोबाइलवरून नंबर लावला. ठमाबाईने तो तिच्या हातातून घेऊन कानाला धरला.

“कोन पायजे?” केसरीनाथचा आवाज आला.

“ठमाबाई,” ठमाबाई म्हणाली. “पॅकिंगची. घरून बोलते.”

“थांबा हां, बोलावतो.”

फोनमधून गेटवरच्या केबिनचं दार वाजलेलं ऐकू आलं. भर उन्हात येऊन केसरीनाथने दोन्ही हात तोंडाशी धरले असणार.

“ठमाबाईऽऽ! घरून फोन हाय गोऽऽ!”

आवारातून, ट्रकांच्या रांगेवरून, त्या बुधवारी आलं नव्हतं ते नाव आलं. ठमाबाई मोबाइल कानाला लावून भिंतीआड उभीच. दुसऱ्यांदा पुकारा झाला. तिसऱ्यांदा झाला. ती हलली नाही, आणि सोनलने मोबाइल परत मागितला नाही.