यज्ञेश्वर गद्र्यांचा रोल्स

काजळी तशी फार नव्हती. प्लगच्या टोकाशी नखाएवढा काळा थर, त्याखाली फिकट तपकिरी धातू — म्हणजे इंजिन ठीक जळतंय, काळजीचं काही कारण नाही — आणि तरीही हेमा काचकागदाचा तुकडा घेऊन ते टोक घासत होती, घासतच होती, कारण हाताला काम असलं की तोंड उघडावं लागत नाही. हेराल्ड गाडीचं बॉनेट अख्खंच्या अख्खं पुढे उलटतं. मग पुढच्या चाकावर खुशाल बसून काम करता येतं, आणि बॉनेटच्या पलीकडची माणसं दिसत नाहीत, नुसते त्यांचे आवाज येतात. आज तिला तेवढंच हवं होतं.

"कलकत्तेवाल्यांनी काय केलं सांगू? दिवे बदलले, जाळी बदलली, आणि म्हणाले नवी गाडी," आप्पासाहेब म्हणत होते. "पण ॲम्बॅसॅडर ती ॲम्बॅसॅडर. सहा माणसं, वर बोचकी, आणि तक्रार नाही."

"तक्रार करायची सोय कुठंय आप्पासाहेब," श्रीधर हसत म्हणाला आणि एकदम थांबला. मग घाईघाईने, "म्हणजे… गाडीला हो. फियाटचं बघा, नंबर लावून सात वर्षं वाट बघितली मी —"

बघा. असं झालंय. 'तक्रार' म्हटलं तरी माणूस दचकतो आणि मागे वळून बघतो. चहाच्या टपरीवर कोण बसलंय, रेडिओ कोणाचा, पेपर वाचणारा खरंच वाचतोय का. पंधरा ऑगस्टला झेंड्याला सलाम ठोकणारे, रिटायर्ड, पेन्शनवाले, बँकवाले, मळेवाले… आणि मीही. मी काय वेगळी आहे? मी तर बॉनेटमागे लपून बसले आहे.

दर रविवारी सकाळी खडकवासल्याला धरणाजवळ पाच गाड्या जमत, आणीबाणी यायच्या कितीतरी आधीपासून. चहा, भजी, आणि गप्पा दोनच — गाड्यांच्या आणि कुत्र्यांच्या. कुत्र्यांची नावंसुद्धा मोटार कंपन्यांवरून ठेवायची, हा मंडळींचा हट्ट. आप्पासाहेबांचा अल्सेशियन ऑस्टिन. मांजरी गावात सर्जेरावांच्या उसाच्या राखणीला डॉज. आणि यज्ञेश्वर गद्र्यांनी कसब्यातल्या गटारातून उचललेल्या, एक कान फाटलेल्या गावठी पिल्लाचं नाव ठेवलं रोल्स! मास्तरकीच्या पगारात आणखी कुठली रोल्स दारात उभी राहणार, म्हणाले होते. गाड्या लावायचीही एक रीत होती, ज्याने आधी घेतली त्याची आधी. आप्पासाहेब, सर्जेरावांची जीप, मग श्रीधर, मग यज्ञेश्वरांची खोकणारी मॉरिस, शेवटी हेमाची हेराल्ड.

आज ती आली तेव्हा श्रीधरची फियाट सरकलेली होती. इतके रविवार मॉरिसची जागा मोकळी राहायची, न बोलता सगळे ती सोडायचे — आणि आज तिथे फियाट. श्रीधरने हात केला, या, इकडे लावा, आहे जागा. जागा आहे! जागा कशी आहे ते मला ठाऊक आहे… तिने मुद्दाम एक गाडी मावेल इतकं अंतर सोडून हेराल्ड उभी केली. आप्पासाहेबांनी चष्मा पुसला.

तेवढ्याने तिला बरं वाटलं होतं, आणि लगेच स्वतःची चीड आली होती. अंतर सोडायला काय लागतं? अंतर सोडल्याबद्दल कोणी धरून नेत नाही.

कारण खरी गोष्ट पुढेच होती. काल संध्याकाळी कुसुम आली होती, यज्ञेश्वरांची बायको. खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही. "हेमाताई, मी मुलांना घेऊन उद्या रात्री मिरजेला जातेय, भावाकडे. घरभाडं, शाळा… नाही जमत हो इथे एकटीला. पण भावाकडे वहिनीच्या सोवळ्यात कुत्रं चालत नाही. आणि तो धड जेवत नाही, दारात बसून राहतो. शेजारी म्हणतात, कॉर्पोरेशनच्या कुत्री पकडणाऱ्या गाडीला कळवा." मग पदर बोटाला गुंडाळत, खाली बघत, "तुमच्या रविवारच्या मंडळींत कोणी घेईल का? हे सुटून आले आणि तो नसला, तर मी काय सांगू?"

"विचारते," हेमा म्हणाली होती. विचारते! 'मीच घेते' हे तिच्या तोंडातून निघालं नाही. निघता निघता मागे ओढलं गेलं, कारण परवाच प्राचार्यांनी बोलावून, पेपरवेट फिरवत, अगदी सौजन्याने विचारलं होतं — "आगाशेबाई, आपण सरकारी कॉलेजात आहोत. कोणाशी ऊठबस करतो ते हल्ली बघावं लागतं. आपल्या त्या मोटारवाल्या मंडळींत ते गद्रे होते ना?" होते ना. भूतकाळ. आणि ती, पंधरा वर्षं पदार्थविज्ञान शिकवणारी, वर्गात कोणाच्या बापाला न भिणारी हेमा आगाशे, म्हणाली होती, "ओळख आहे. फारशी नाही."

फारशी नाही… मेल्या जिभेला काही हाड? ज्या माणसाने सिंहगडाच्या पायथ्याशी भर उन्हात गाडीखाली झोपून माझा सायलेन्सर तारेने बांधला, स्वतःचा शर्ट तेलात घालून, आणि वर म्हणाला, "हेमाबाई, आता नवऱ्याची गरज नाही, तार पुरे," आणि मी हसून हसून रस्त्यातच बसले — त्याची ओळख फारशी नाही.

रात्रभर तिने मनाशी जमवून ठेवलं होतं. आपण नाही घ्यायचा. सर्जेरावांना गळ घालायची. मळा मोठा, चार कुत्र्यांत पाचवं खपून जाईल. नोकरी गेली तर सांभाळायला ना नवरा ना भाऊ, तेव्हा वेडेपणा नको. अगदी शहाणा विचार होता. तो विचार घेऊनच ती आज आली होती, आणि आता प्लग घासत त्याला शब्द शोधत होती.

"माझ्या ऑस्टिनला या आठवड्यात गोचिडी झाल्यात," पलीकडे आप्पासाहेब सांगत होते.

"तंबाखूचं पानी लावा," सर्जेराव म्हणाले. "आमच्या डॉजला त्येच लावतो. इंग्रजी औषधानं काय बी होत न्हाई."

आणि हे असंच चालणार. गोचिडी, तंबाखू, मद्रासवाल्यांचे ब्रेक, मुंबईवाल्यांचे गिअर, पेट्रोलचा भाव हळू आवाजात. सगळ्या कंपन्यांची उणीदुणी निघणार, फक्त एका गाडीचं नाव निघणार नाही — ती छोटी, स्वस्त, आपल्या देशाची आपली गाडी, जी पंतप्रधानांचा मुलगा काढणार, जी वर्षानुवर्षं येणार येणार म्हणतात आणि जिच्याविषयी हल्ली ब्र काढायचा नाही. यज्ञेश्वरांनी काढला होता. इथेच, याच टपरीसमोर, भज्याचा घास तोंडात धरून — "ज्या गाडीला अजून चाकं नाहीत, तिच्याखाली आपण आधीच आलोय!" काय हसले होते सगळे! श्रीधरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच आठवड्यात पहाटे जीप आली आणि यज्ञेश्वरांना येरवड्याला घेऊन गेली. मिसाखाली, विनाचौकशी. शिक्षक संघटनेचं काम होतं, मोर्चात भाषणं होती, पकडायला शंभर कारणं होती; पण तेव्हापासून इथे कोणी मोकळं हसलेलं नाही. गाड्यांच्या गप्पांना कोण काय करणार, असं आम्हाला वाटायचं. खुळी माणसं आम्ही.

तिने प्लग बसवला, हात पुसले आणि बॉनेटमागून बाहेर आली. धरणाचं पाणी उन्हात पसरलेलं, टपरीवर रेडिओ चालू.

"सर्जेराव, यज्ञेश्वरांच्या रोल्सचं काय करायचं?"

नाव ऐकून श्रीधरने कपातला चहा हलवायला सुरुवात केली, साखर नसलेला. "हेमाबाई, जरा हळू —"

"का? कुत्र्याबद्दल बोलतेय. कुत्र्यांबद्दलच बोलतो ना आपण इथे?" आपला आवाज वर चढलाय हे तिला कळत होतं आणि तो खाली आणायची इच्छा होत नव्हती. "कुसुमताई आज गाव सोडतायत. रोल्सला कोणीतरी घ्यायला हवं. आज."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "घेतला असता हो. पण ऑस्टिनला दुसरा नर सहन होत नाही. जातिवंत आहे ना." श्रीधर म्हणाला, ब्लॉक छोटा आहे, हिला दमा आहे. हिला दमा! बायको गेल्या महिन्यात पर्वती चढली होती, यानेच सांगितलं होतं.

सर्जेराव मात्र खाली मातीकडे बघत होते. पागोट्यातला हा आडदांड माणूस, वीस एकरांत ऊस आणि जिभेवर शिव्या… त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. "बाई," ते शेवटी म्हणाले, "जागा हाय. चार कुत्री हायेत, पाचवं जड न्हाई. पर साखर कारखान्याच्या संचालकांत माझं नाव लागायचंय, त्ये वरून लागतंय. बिनमालकाचं असतं तर आत्ता घातलं असतं जीपमध्ये. पर त्याला मालक हाय. समद्यांना ठावं हाय, कोन मालक."

बिनमालकाचं असतं तर. तिला वाटलं होतं आपण चिडू, पण ती चिडली नाही. उलट सर्जेरावांनी तिचीच कालची गोष्ट तिला सरळ मराठीत सांगितली होती, प्राचार्यांच्या पेपरवेटशिवाय. म्हणजे असं आहे तर. कुत्रं नको असं नाही. त्याचा मालक नको. रस्त्यावरचं असतं तर पुण्य, यज्ञेश्वरांचं म्हणून पाप. आणि उद्या जर मी त्याला घरी आणून म्हटलं, सापडलं बाई रस्त्यात, मोती याचं नाव — तर सगळे खूश. प्राचार्यसुद्धा त्याला बिस्किट देतील.

छे! छे छे!

"चालू द्या तुमचं," ती म्हणाली. बॉनेट आपटलं. इतक्या जोरात आपटायला नको होतं, पण त्या आवाजाने टपरीवरची माणसं वळली आणि तिला ते आवडलं.

शहरात येईपर्यंत ती भांडत राहिली, स्वतःशीच, मोठ्याने. कशाला? तुझं काय जातंय? नोकरी जाईल. जाऊ दे. जाऊ दे म्हणणं सोपं असतं, महिन्याच्या एक तारखेला कळेल. कळू दे! आणि लोक काय म्हणतील, एकटी बाई, परक्या पुरुषाचं कुत्रं… लोकांनी आजवर काय कमी म्हटलंय? गाडी चालवते तर म्हटलं, लग्न नाही केलं तर म्हटलं. आता कुत्र्यावरून म्हणा, तेवढंच बाकी होतं.

कसब्यात गाडी आत जात नाही. कोपऱ्यावर हेराल्ड लावून ती बोळातून चालत गेली. कुसुमने दार उघडलं, मागे बांधलेली ट्रंक, आणि उंबऱ्यावर रोल्स — बरगड्या दिसत होत्या. त्याने मान वर केली, हुंगलं, आणि तिच्या पदराला लागलेल्या पेट्रोलच्या वासाशी नाक लावून तसाच उभा राहिला. "गाडीचा वास ओळखतो," कुसुम म्हणाली आणि रडायला लागली. हेमाने तिला जवळ घेतलं. तिलाही रडू आलं. ते तिने आवरलं नाही.

समोरच्या ओट्यावर एक माणूस बसला होता. सदरा-पायजमा, हातात पेपर, आणि पायांत तांबडे पोलिसी बूट. इतकं साधं वेष बदलणं, आणि तेही पूर्ण जमत नाही यांना! ती रोल्सला घेऊन निघाली तसा तो उठला, मागोमाग कोपऱ्यापर्यंत आला. हेमाने डावीकडचं दार उघडलं. रोल्स मागच्या सीटकडे न बघता उडी मारून पुढे बसला, मॉरिसमध्ये बसायचा तसा.

"बाई, कुत्रं तुमचं का?"

हो. एक अक्षर. हो म्हण आणि गाडीत बस… पण आतून काहीतरी रागीट, जुनं, वर्गातलं वर येत होतं.

"नाही. यज्ञेश्वर गद्र्यांचं आहे. ते येईपर्यंत माझ्याकडे राहील. मी हेमा आगाशे, सरकारी कॉलेजात शिकवते. लिहून घेणार असाल तर घ्या."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. कान खाजवत तो म्हणाला, "कधी येणार ते?"

"ते तुम्ही सांगायचं. नेलंत तुम्ही."

गाडीत बसून तिने किल्ली फिरवली. आता उद्या. उद्या प्राचार्य बोलावतील, किंवा बोलावणारही नाहीत, सरळ कागद येईल. बदली. कुठे करतील? चांद्याला, पार विदर्भाच्या टोकाला. शिक्षा म्हणजे चांदा, सगळ्यांना माहीत आहे. चांदा किती लांब… हेराल्ड जाईल का चांद्यापर्यंत? पंख्याचा पट्टा नवा घालावा लागेल, रेडिएटरचं पाणी दर दोन तासांनी बघावं लागेल, एक टायर जास्तीचा, रोल्ससाठी पाण्याचं भांडं. निघायचं नगर रस्त्याने, औरंगाबादवरून पुढे — आणि नगर रस्त्याला लागायचं म्हणजे येरवडा ओलांडूनच. हो की! त्या भिंतीजवळून जाताना गाडी सावकाश घ्यायची आणि हॉर्न वाजवायचा. लांब, ठणठणीत. हेराल्डचा हॉर्न यज्ञेश्वर झोपेतसुद्धा ओळखतील. म्हणायचे ना, मद्रासवाल्यांनी गाडीत एवढी एकच गोष्ट मन लावून केलीय.

कोपऱ्यावर गाडी थांबली. डावीकडे घर, उजवीकडे नदी आणि नदीपलीकडे येरवडा. मागचा टांगेवाला ओरडत होता, बाई, काय ते ठरवा. भीती होती. अजून होती, जिथल्या तिथे. पण बदलीची वाट कशाला बघायची, असं तिच्या मनात आलं — आज रविवार आहे, दुपार सगळी मोकळी आहे, आणि टाकीत पेट्रोल आहे.