पायांवरची अंघोळ

पाणी

सृष्टी किंचाळली तेव्हा वत्सलाबाईंना वाटलं, डोळ्यात साबण गेला असेल.

बाळं अंघोळीला रडतातच. वत्सलाबाईंनी स्वतःची दोन, जावेची तीन आणि देवळ्याच्या आळीतली कितीतरी पोरं अशी न्हाऊ घातली होती. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, दोन्ही पायांच्या खोबणीत बाळ पालथं घालायचं आणि ओतायचं. त्यांनी दुसरा तांब्या भरला.

पल्लवी धावत दारात आली. "आई, पाणी!"

"काय झालं पाण्याला?"

पल्लवीनं बादलीत बोटं घातली आणि चटका बसल्यासारखी बाहेर काढली. मग सासूच्या पायांवरून लेक उचलली. बाळाची पाठ लालबुंद झाली होती. फोड आला नाही, ही कृपा.

"पाणी बघितलं नव्हतं का तुम्ही?"

"बघितलं ना. हात घालून बघितलं."

आणि ते खरं होतं. हाताला ते कोमटच लागलं होतं. पल्लवी गेल्यावर वत्सलाबाईंनी आपले पाय पाहिले. तेही तसेच लाल झाले होते, आणि त्यांना काहीसुद्धा लागलं नव्हतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अंघोळीला बाहेरची बाई येऊ लागली. वत्सलाबाई हॉलमध्ये बसून पाण्याचा आवाज ऐकायच्या. नातीला मांडीवर द्यायची वेळ आली की पल्लवी म्हणायची, "राहू द्या आई, दमाल." बोलणं गोडच असायचं. गोड होतं म्हणूनच जास्त लागायचं.

बीट

पायांचं दुखणं आजचं नव्हतं. इंदिरानगरच्या बागेत फिरताना एकदा चप्पल मागं राहिली आणि त्या एका पायानं अनवाणी घरापर्यंत आल्या. मुलगा सुनील हसला होता. "आई, रामकुंडावर सोडून आलीस का चप्पल?" त्याही हसल्या. पण जमीन कापसाची झालीय, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. हातांना मुंग्या यायच्या. तिखट खाल्लं की जीभ भाजून निघायची.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे. जेवण कसं आहे यांचं?"

"सगळं खातात हो," पल्लवी म्हणाली.

लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. आणि पल्लवीनं पदर खोचला. रविवारच्या पुरवणीतली आहाराची पानं ती फ्रीजवर चिकटवायची. तिला जीवनसत्त्वं बाराखडीसारखी पाठ. 'अ'ला गाजर, डोळ्यांसाठी. 'क'ला आवळा, हिरड्यांसाठी. 'ड'ला सकाळचं ऊन, हाडांसाठी. 'ब' आलं की ती मोडाची मटकी पुढं करायची आणि तो विषय संपायचा.

खा आई, बीट आहे. खा आई, पालक आहे, वरून लिंबू पिळा म्हणजे लोह अंगी लागतं. खजूर खा. डाळिंब सोलून ठेवलंय. राजगिऱ्याचा लाडू घ्या, त्यात कॅल्शियम असतं. आई, ताट पुरं करा ना, माझ्यासाठी.

तर वत्सलाबाई खायच्या. त्यांना सुनेची माया कळत होती.

साळूबाई, म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, देवळ्याहून भेटायला आली आणि ताटाकडं पाहून म्हणाली, "शहरात येऊन बकरी झाली गं बाई तू! नुसता पालाच खाती."

"गप गं. रक्त वाढतंय माझं."

आणि रक्त वाढलंही. पुढच्या तपासणीत आकडा चांगला आला. पल्लवीनं देवापुढं साखर ठेवली. त्यानंतरच्या आठवड्यात पाण्याचा प्रकार झाला.

मागच्या खोलीतून ऐकू आलेलं

"थोडे दिवस देवळ्याला राहील ती. तिकडं काकू आहे."

"सुनील, मी त्यांना जा म्हटलेलं नाही."

"तू नाहीच म्हटलंस. पण उद्या बाळ हातातून पडलं म्हणजे?"

वत्सलाबाई पल्लवीच्या उत्तराची वाट पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच पिशवी काढली आणि तीत दोन लुगडी घातली. घडी काही जमेना. बोटं दुसऱ्या कुणाची असावीत, तशी वागत होती.

पिशवी पल्लवीनं पाहिली. तिनं लुगडी बाहेर काढली आणि म्हणाली, "उद्या नसांच्या डॉक्टरांकडं जायचंय. नंबर लावलाय मी."

दवाखाना

डॉक्टर यादवांनी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर आपटलं आणि वत्सलाबाईंच्या घोट्यावर टेकवलं.

"थरथर कळते का आजी?"

"कसली थरथर?"

त्यांनी ते गुडघ्यावर टेकवलं.

"हां. इथं मुंगळा चालल्यावानी होतंय."

मग डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. त्या कलल्या. पल्लवीनं धरलं.

"जेवण?"

"सगळं खातात डॉक्टर. पालेभाज्या, कडधान्यं, फळं. घर माळकरी आहे, त्यामुळं मांस-अंडं नाही. पण बाकी सगळं."

डॉक्टरांनी जुना रिपोर्ट पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग ते पल्लवीला सोडून वत्सलाबाईंकडं वळले.

"आजी, माझी आजी काशीला जाऊन आली आणि तिनं वांगं सोडलं. तुम्ही काही सोडलंय का?"

"सोडलंय ना," वत्सलाबाई खुलल्या. इतक्या दिवसांत त्यांच्या पुण्याईची चौकशी पहिल्यांदाच कुणी केली होती. "दूध."

"फक्त दूध?"

"दूध म्हटल्यावर दही, ताक, तूप आलंच की. चहा कोराच घेते. सात वरसं झाली."

पल्लवीनं तोंडावर हात ठेवला. तिला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं. रोज तीच तर सासूसाठी वेगळा कोरा चहा टाकायची. पण 'आई दूध घेत नाहीत' असं त्या घरात कधी कुणी म्हटलंच नव्हतं. आईंनी दूध *सोडलंय* असं म्हणत. न घेणं म्हणजे खोड. सोडणं म्हणजे व्रत. व्रत डॉक्टरला कोण सांगतं?

डॉक्टर म्हणाले

"बी-बारा. रक्ताला लागतं आणि नसांनाही. ते पालेभाजीत नसतं, मटकीत नसतं, फळात नसतं. शाकाहारी माणसाला मिळतं ते दुधातून. तुम्ही दिलेलं काही वाया गेलं नाही, ताई. त्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्ताचा आकडा सुधारला. पण त्यामुळंच खरी उणीव झाकली गेली, आणि आत नसा सुकत राहिल्या."

त्यांनी रक्त मुंबईला तपासायला पाठवलं. अंदाज बरोबर निघाला.

"दही-ताक सुरू कराल, आजी?"

"ते नाय व्हायचं."

या वेळी सोबत आलेला सुनील वैतागला. "आई, देवाला काय तुझ्या ताकाचं पडलंय?"

"देवाला नसंल पडलं. मला पडलंय."

काशी

सत्त्याण्णव साली देवळ्याहून यात्रेची बस गेली होती. गंगेच्या घाटावर पंड्यानं सांगितलं, जे सगळ्यांत आवडतं ते इथं सोडा. साळूबाईनं कारलं सोडलं.

"कारलं तू कधी खाल्लंस गं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"म्हणून तर सोडणं जमलं!" साळूबाई म्हणाली आणि सगळी बस दिवसभर हसली.

वत्सलाबाईंना फसवता आलं नाही. त्यांचा नवरा, धोंडीराम, पहाटे गोठ्यात धार काढायचा आणि डेअरीची किटली भरण्याआधी एक लोटी भिंतीच्या कोनाड्यात ठेवायचा. दूध सारं विकायला जाई, सुनांच्या वाट्याला चहापुरतं. पण ती लोटी होती. त्याबद्दल तो एका शब्दानं बोलला नाही, त्याही बोलल्या नाहीत. फक्त चेष्टेत तो त्यांना 'वासरू' म्हणायचा. काशीला जायच्या आधी त्याच वर्षी तो वारला होता. पंड्यानं विचारल्यावर दुसरं नाव तोंडात आलंच नाही.

लाल औषध

नर्सनं सुई भरली. वत्सलाबाईंनी हात मागं घेतला.

"हे रगत हाय का?"

"नाही आजी, रंगच असा असतो."

"जनावराचं काही?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "जंतूंकडून तयार करून घेतात कारखान्यात."

त्यांनी विचार केला. "जंतू माळकरी असतात का?"

डॉक्टरांना हसू आवरेना. "आजपर्यंत एकालाही मटण खाताना पाहिलं नाही."

"मग टोचा."

"उशीर झालाय थोडा," ते नंतर पल्लवीला म्हणाले. "जेवढं परत येईल तेवढं आपलं. आणि इंजेक्शन चुकवायचं नाही. दूध घेणार नसतील तर हे जन्मभर."

रिक्षात पल्लवी रडायला लागली. "रोज मी ताट वाढते तुमचं. मला कसं दिसलं नाही?"

"जे वाढलंय ते दिसतं गं," वत्सलाबाई म्हणाल्या. "जे पानात नाय, ते कसं दिसणार?"

तांब्या

आधी जीभ बरी झाली. मग मुंग्या कमी झाल्या. पुढं लुगड्याची घडी जमू लागली.

एक दिवस अंघोळीची बाई आली नाही. पल्लवी तेल लावलेली सृष्टी घेऊन न्हाणीच्या दारात उभी राहिली. मग म्हणाली, "आई, पाट टाकू?"

वत्सलाबाई भिंतीला धरून उठल्या. "पाणी तू बघायचं. ओतायचंही तूच. मी नुसती धरते आन् चोळते."

त्या बसल्या, पाय लांब केले. पल्लवीनं बाळ देण्याआधी पाण्याची धार त्यांच्या पायांवर सोडली. "कसं आहे?"

त्यांनी डोळे मिटले. "उजव्याला ऊन लागतंय. जास्तच हाय, गार घाल थोडं." मग थांबून म्हणाल्या, "डावा अजून मुका हाय."

पल्लवीनं बादलीत कोपर बुडवलं. खरंच जास्त होतं. तिनं गार पाणी घातलं, पुन्हा पाहिलं आणि लेक सासूच्या पायांवर पालथी ठेवली. सृष्टी आता मोठी झाली होती. खोबणीत पुरती मावत नव्हती. तिनं हात पुढं करून आजीच्या डाव्या पायाचा अंगठा घट्ट पकडला.

वत्सलाबाईंना ते दिसलं. पायाला कळलं मात्र नाही.

त्यांनी नातीच्या पाठीवर दोन्ही हात टेकवले. "ओत," त्या म्हणाल्या.