सोड म्हणायचं राहिलं

"काका, तुम्ही रोज सकाळी कुणाला श्वास रोखायला सांगता?"

शेजारच्या काकांना मी एका दमात विचारून टाकलं. कुंपणाआड माझ्या मैत्रिणी लंबू आणि चिमणी तोंड दाबून हसत होत्या, पैज त्यांचीच. शाळेला जाताना रोज ऐकू यायचं. बागेत काका एकटे, समोर जास्वंद, आणि हुकूम सुटायचा, "श्वास रोख." मग कॅमेऱ्याचा खटका. लंबूच्या मते बागेत भूत होतं, चिमणीच्या मते काकांचा एक स्क्रू ढिला. मी गेल्याच महिन्यात वक्तृत्वात पहिली आले होते, त्यामुळे मला आता कुणाच्या बापाची भीती नव्हती.

काकांनी चाळीस वर्षं हॉस्पिटलात एक्स-रे काढले. अख्ख्या गल्लीची हाडं त्यांनी पाहिली आहेत, माझं मोडलेलं मनगटसुद्धा. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"तुझ्या काकूला."

काकू जाऊन दोन वर्षं झाली होती.

मग फुलाकडे बघतच सांगत गेले. जास्वंद एका दिवसाची, संध्याकाळी मिटली की संपली, म्हणून प्रत्येक फुलाचा फोटो. फुलामागे काळं कापड धरायचं काम काकूचं. तिचा हात हलायचा, म्हणून काका पेशंटला सांगावं तसं सांगायचे. श्वास रोख. खटका. सोड. ती म्हणायची, जन्मभर लोकांची हाडं बघितलीत, आता बायकोची मोजा. शेवटच्या सकाळी खटका झाला आणि आत फोन वाजला. काका धावले. परत आले तर ती कुंडीशी पडलेली, कापड हातातच.

"सोड म्हणायचं राहिलं," काका म्हणाले.

कुंपणामागचं हसू केव्हाच थांबलं होतं. आता ते काळं कापड फुलामागे दोरीवर चिमट्यांनी लटकवलेलं, वाऱ्याने फडफडत होतं. मी दप्तर खाली ठेवलं, चिमटे काढले आणि ते फुलामागे धरलं. कापडाच्या दोन्ही कडा एकेका जागी झिजून पातळ झाल्या होत्या. माझे अंगठे बरोबर तिथेच बसले. हात हलू दिला नाही.

"श्वास रोख."

रोखला. खटका झाला. गाल फुगले, कान तापले. काका कॅमेरा खाली घेऊन माझ्या खांद्यापलीकडे बघत राहिले. ओठ हलले, शब्द काही फुटेना. शेवटी मीच फुस्सकन श्वास सोडला. मला हसू आलं, त्यांना नाही.

"ती कळी उद्या उमलेल," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आईबाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, दहावीचं वर्ष आहे, सकाळचा एक तास म्हणजे काही चेष्टा नाही.

"तरी मी उद्यापासून रोज जाणार आहे. कापड धरायला."

"किती दिवस?" आईने विचारलं.

"ते सोड म्हणेपर्यंत."