टूवाच्या हाताची उंची

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा चेंडू आहे. मूळचा लाल. आता मला गुलाबी म्हणतात, पण हा दोष माझा नाही, इस्पितळातल्या स्वच्छतेचा आहे. प्रत्येक मुलानंतर मला उकळत्या पाण्यात घालतात. मोसंब्याएवढा होतो, लिंबाएवढा उरलो आहे.

एका निवृत्त परिचारिकेने मला विणले आणि स्वीडनमधल्या गोटेन्बर्गच्या या इस्पितळात, व्यायाम शिकवणाऱ्या सोल्वेगच्या खोलीत माझी नेमणूक झाली. काम सोपे. मुलांसमोर उंच लोंबकळायचे आणि हवेसे दिसायचे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या कण्यातल्या पेशी ज्यांच्या जन्मापासून मरत जातात, अशी मुले इथे येतात. पूर्वी ती माझ्याकडे नुसती पाहत. पुढे औषधे आली, आणि एके दिवशी एका मुलाने मला चक्क ओढले. माझा एक धागा निघाला. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

टूवा तीन वर्षांची. तान्ही असताना तिला एकदाच द्यायचे औषध शिरेतून दिले होते. त्यावर ती बसायला शिकली, बोलायला तर गरजेपेक्षा जास्तच शिकली, पण हात खांद्यापाशी अडले. म्हणून डॉक्टरांनी दुसरे औषध सुरू केले, दर चार महिन्यांनी, पाठीत सुई टोचून. ती रडते आणि रडून झाले की डॉक्टरांनाच विचारते, "तुझं झालं का?"

त्या मंगळवारी डॉक्टरांसमोर तिची तपासणी होती. हात खांद्याच्या वर गेला तर औषध लागू पडतेय, सुया चालू. नाही तर बंद.

सोल्वेगने मला टूवाच्या डोक्याच्या वर धरले. टूवाने मान वळवली. तिचे बाबा हेनिंग हळूच पुढे आले आणि मला बोटाने खाली ढकलू लागले.

"हेनिंग, हात टूवाचे तपासायचेत. तुझे ठीक दिसतायत," सोल्वेग म्हणाली.

"वाऱ्याने हलला असेल."

"खिडकी बंद आहे."

हेनिंगनी हात खिशात घातले.

"तो चेंडू म्हातारा आहे," टूवा म्हणाली. मी ऐकले नाही असे दाखवले.

मग हेनिंगची आई, गुन-ब्रिट, उठल्या. पर्समधून गोड गोळ्यांची पिशवी काढून त्यांनी ती टूवाच्या डोक्यावर उंच धरली आणि वाजवली. आमच्याकडे मुलांनी गोळ्या फक्त शनिवारी खायच्या असतात.

"आई, हे काय?" हेनिंग पुटपुटले.

"गप बस. तुला शनिवारीच दिल्या, काय दिवे लावलेस?"

टूवा पिशवीकडे बघत राहिली. तिला गोळी हवी होती. हवेसे दिसण्यात माझा जन्म गेला आहे, मला ते कळते.

"आजी, आज मंगळवार आहे."

"एकच घे गं. कोणी बघत नाहीये."

बघत होते सोल्वेग, हेनिंग, डॉक्टर आणि मी.

"आत ठेव ती," टूवा म्हणाली आणि तिने हात उचलला. खांद्यापाशी तो थांबला, थरथरला. हेनिंगच्या खिशांत मुठी वळल्या, पण हात बाहेर आले नाहीत. मग तो एवढासा हात वर गेला, आणखी वर गेला, आणि बोटांनी पिशवी आजीकडे ढकलून दिली.

सोल्वेगने विचारले, "टूवा, परत एकदा ढकलशील?"

"का? आजीला कळलं नाही का?" असे म्हणत तिने पुन्हा ढकलली.

सुया चालू राहिल्या. हेनिंग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत होते. गुन-ब्रिटनी एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली. "पंच्याहत्तरीनंतर रोज शनिवार," त्या म्हणाल्या.

तो हात माझ्यासाठी उठला नाही याचे थोडे वाईट वाटले. पण इतका सुंदर नकार मी पाहिलेला नाही.

मित्रांनो, एक विनंती. कुणी हात वर नेत असेल, सावकाश, थरथरत, तर हवी असलेली वस्तू त्याच्याजवळ सरकवू नका. जिथे आहे तिथेच धरून उभे राहा. धरणाऱ्याचाही हात दुखतो, हे मी सोल्वेगच्या बोटांना लोंबकळून जाणतो. तरी थांबा. तो येतोय.