गोड न बोलणारे स्पीकर

स्टुडिओच्या मालकाने वाचनबाईंना काढलं ते अगदी चहा पाजून, मऊ शब्दांत. "बाई, बावीस वर्षं वाचलंत, आता आराम करा. आवाजाला वय झालंय तुमच्या." आणि वर बिस्किटांची बशी पुढे सरकवली. बाईंनी बिस्किटाला हात लावला नाही.

बावीस वर्षं त्या स्टुडिओच्या खोक्याएवढ्या खोलीत उभं राहून बाईंनी ऐकायच्या पुस्तकांसाठी, म्हणजे ऑडिओबुकांसाठी, पुस्तकं वाचली होती. अनवाणी, हातातलं घड्याळ काढून, अंगात धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कपडे. कडक कापड जरा सळसळलं की माइक लगेच चुगली करतो. या पुस्तकांतलं एक होतं नावाडणीचं, पाच भागांचं. पहिल्या भागात नावाडीण सोळा वर्षांची होती, चौथ्यात पन्नाशीची, आणि लेखिकेने नुकत्याच हातावेगळ्या केलेल्या पाचव्यात तिने साठी ओलांडली होती. चारही भाग बाईंच्या आवाजात निघाले होते. पाचवा मालकाने एका चोवीस वर्षांच्या मुलीला द्यायचा घाट घातला होता.

"लोकांना गोड आवाज लागतो," मालक म्हणाला.

"साठीची बाई, जन्मभर नदीच्या या काठावरून त्या काठाला हाका मारणारी, आणि तिचा आवाज गोड?" बाईंनी विचारलं. मालक नुसता हसला. काढून टाकलं त्याचं बाईंना एवढं वाटलं नसतं, पण ते हसणं फार झोंबलं. घरी जाता जाता त्यांनी रस्त्यातूनच प्रकाशनाच्या संपादिकेला फोन लावला.

संपादिका भली होती, पण कात्रीत सापडली होती. "मालकांचा नमुना सोमवारी येतोय," ती म्हणाली. "तुमचाही पाठवा, दोन्ही लेखिकेला ऐकवते. पण तुमच्याकडे स्टुडिओ कुठे आहे?"

"आहे," बाई म्हणाल्या. नव्हता.

होती ती घरातली मागची खोली. बाईंचे यजमान टेलर होते, सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत कापडाचे तागे, तीन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत.

"मला मागची खोली हवी. रोज दुपारी, तुमची मशिनं बंद असतात तेव्हा," बाईंनी जाहीर केलं.

"आणि तागे कुठे टाकू मी? डोक्यावर?"

"आहेत तिथेच राहू द्या. मालकाने भिंतींना स्पंज चिकटवलाय आणि आल्यागेल्याला त्याचं कौतुक ऐकवत बसतो. तुमच्या या ताग्यांपुढे तो स्पंज म्हणजे काहीच नाही. टाळी वाजवून बघा."

मास्तरांनी टाळी वाजवली. टाळी तिथल्या तिथे विरली. मास्तरांना आपल्या खोलीचा अभिमानच वाटला थोडा, पण तसं कबूल करणाऱ्यांतले ते नव्हेत.

माइक बाईंचा स्वतःचा होता, दुसऱ्याने तोंड घातलेल्या माइकसमोर त्यांचा जीव घुसमटे. आता हव्या होत्या दोन वस्तू. माइकमधला आवाज संगणकात नेणारी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, आणि तो आवाज नीट तपासून ऐकायला स्पीकरची जोडी, जिला त्या धंद्यात मॉनिटर म्हणतात. शुक्रवारी सकाळी बाई माइक-स्पीकरच्या दुकानात जाऊन थडकल्या.

दुकानदाराने बाईंकडे पाहिलं, मग बाईंच्या पिशवीकडे पाहिलं, आणि आठ माइक जोडता येतील अशी लांबरुंद पेटी काउंटरवर ठेवली. "पुढेमागे वाढवायचं झालं तर उपयोगी पडेल."

"मला तोंडं किती आहेत?" बाई म्हणाल्या. "एका माइकची दाखवा. आणि जोडून द्या, मला ऐकायचंय."

"काय लावू?"

"काही लावू नका. माझा माइक जोडा, आवाज वाढवायचं ते गेनचं बटण वर न्या आणि गप्प बसा. मला शांतता ऐकायचीय."

दुकानदाराला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. पण बाईंनी हेडफोन कानाला लावून डोळे मिटले होते, तेव्हा त्याचं काही चाललं नाही. पहिल्या पेटीतून फसफस ऐकू आली, जशी दूर कुठे शेगडीवर भाजी परततेय. दुसरीत तीच, जरा हळू. तिसरी दिसायला अगदीच सामान्य होती, दुकानदाराने ती खालच्या कप्प्यातून नाइलाजाने काढलेली. तिच्यात काहीच नव्हतं. बाईंना स्वतःचा श्वास तेवढा ऐकू आला.

"ही," त्या म्हणाल्या.

मॉनिटरच्या वेळी तर भांडणच जुंपलं. दुकानदाराने त्याचं ठरलेलं ढोलताशांचं गाणं लावलं, आणि जोडीमागून जोडी अशी दणाणली की काउंटरवरच्या पावत्या हलल्या. बाईंनी पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला. त्यावर त्यांनी एका दिवसापुरत्या उसन्या आणलेल्या पेटीला माइक जोडून घरी वाचलेलं एक पान होतं. "हे लावा."

पहिल्या जोडीत बाई फार छान वाटल्या, भरदार, नभोवाणीवरच्यासारख्या. दुसऱ्या जोडीत त्याहून छान. तिसरी जोडी काळी, ठेंगणी, कसलाही डामडौल नसलेली. तिच्यात बाईंना ऐकू आलं की डावीकडचा दात पडल्यापासून आपला 'स' किंचित शिटी मारतो, की लांब वाक्याच्या शेवटी आपल्याला दम लागतो, की आवाजाच्या तळाशी एक घोगरेपणा बसलाय. बाईंचा चेहरा उतरला. दुकानदाराने ते हेरलं.

"हे नका घेऊ बाई, यात कुणाचंच चांगलं वाटत नाही. पहिली जोडी घ्या, ऐकायला गोड आहे."

गोड शब्द ऐकला आणि बाईंचं डोकं सणकलं. "मला गोड बोलणारी माणसं भरपूर भेटलीत, त्यातल्या एकाने परवाच चहा पाजून घरी पाठवलंय. तोंडावर खरं सांगणारी ही जोडी बांधा."

जोडी बांधताना तो भिंतीपासून अंतराचं काहीतरी सांगत होता. पण बाई रागात होत्या, आणि रागात असलेल्या बाईंना कुणी काही सांगू नये हे मास्तरांना ठाऊक होतं, दुकानदाराला नव्हतं.

घरी येऊन बाईंनी कापड बेतायच्या टेबलावर, भिंतीला अगदी चिकटवून, कोपऱ्यात दोन्ही मॉनिटर ठेवले. खरं बोलणाऱ्याला कोपऱ्यात कोंबलं की तो काय खरं बोलणार. शनिवारी दुपारी नावाडणीचं पहिलं प्रकरण वाचून त्यांनी ऐकलं, तर आवाज खाली नुसता घुमत होता, हंड्यात तोंड घातल्यासारखा. बाई घाबरल्या. इतका जाड? मालक म्हणत होता ते हेच? मग त्या संगणकावर बसल्या आणि आवाजाचा तो खालचा, जाड भाग थोडा कमी केला. मग आणखी थोडा. तासाभराने घुमणं गेलं. त्यांना हायसं वाटलं.

नमुना त्यांनी मास्तरांना ऐकायला दिला, पुढच्या खोलीतल्या जुन्या स्पीकरवर, ज्यावर मास्तर काज करताना बाईंची सगळी पुस्तकं ऐकत आले होते. मास्तरांनी सुई थांबवली.

"ही कोण मुलगी?"

"मुलगी? मी आहे ती."

"तू?" मास्तरांनी पुन्हा ऐकलं. "स्टुडिओच्या पुस्तकांत थोडीफार अशीच ऐकू यायचीस. मला वाटे, माइकमध्ये होत असेल तसं. पण अगं, तू जेवायला हाक मारतेस तेव्हा कोपऱ्यावरचा सायकलवाला हात धुऊन बसतो. ही तर कुणाला हाक मारायलाही लाजेल."

बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. म्हणजे बावीस वर्षं तो मालक हेच करत होता. त्यांच्या आवाजाचा तळ खरवडून काढत होता आणि वरची साय विकत होता. आणि आज तेच काम त्यांनी स्वतःच्या हाताने, फुकटात करून दिलं होतं. एक क्षण, खोटं कशाला बोला, त्यांच्या मनात आलंच: असाच पाठवावा. मालकाला हवा तसा आहे. त्या मुलीच्या तोडीस तोड आहे. पाचवा भाग पदरात पडेल.

"पाठवू का असाच?" त्यांनी विचारलं.

"पाठव," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले. "पण मग वाचलं कुणी म्हणून सांगशील?"

बाई उठल्या. आता त्यांना दुकानदार आठवला, भिंतीपासून अंतर म्हणत होता तो. त्यांनी मास्तरांना मापाच्या टेपसकट मागच्या खोलीत ओढून आणलं. दोघांनी मिळून टेबल भिंतीपासून खोलीच्या मध्यावर खेचलं. मास्तरांनी गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं माप घेतलं: एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत जेवढं, तेवढंच प्रत्येकापासून बाईंच्या कानापर्यंत. खडूने टेबलावर खुणा केल्या. "अर्धा इंचही हलायचं नाही," त्यांनी स्पीकरना बजावलं.

बाईंनी कमी केलेलं सगळं होतं तसं परत आणलं आणि ऐकलं. घुमणं नव्हतंच. ते कोपऱ्याचं होतं, त्यांचं नव्हतं. उरला तो त्यांचा आवाज, घोगरा, दात पडलेला, लांब वाक्याला दम खाणारा. नावाडीण पलीकडच्या काठाला हाक मारते त्या ओळीला मास्तरांनी आपोआप मान वर केली. बाईंनी एका अक्षराला हात लावला नाही. नमुना रविवारी गेला.

मंगळवारी दुपारचा एक वाजायच्या जरा आधी संपादिकेचा फोन आला. "मालकांनाही तुमचा नमुना ऐकवला. त्यांचं म्हणणं पडलं की तुमच्या वाचनात म्हातारपण ऐकू येतं."

"येतंच. मी ते काढलं नाही."

"लेखिकेने त्या मुलीचा नमुना शेवटपर्यंत ऐकला. तुमचा अर्ध्यावर थांबवला."

बाईंनी टेबलाची कड धरली. मशीनवरचे मास्तरांचे पाय थांबले.

"म्हणाल्या, आता सगळं पुस्तक झाल्यावरच सलग ऐकेन. तुम्हीच वाचायचंय." संपादिका जरा घुटमळली. "पण आता मालक म्हणताहेत, तुम्हीच वाचणार तर त्यांच्याच स्टुडिओत वाचा. सगळी सोय आहे, नंतर आवाज साफही करून देतील."

"त्यांना सांगा," बाई म्हणाल्या, "माझा स्टुडिओ दुपारी एक ते चार सुरू असतो. ऐकायला यायचं तर यावं. चपला बाहेर काढाव्यात आणि आत आल्यावर तोंडातून अवाक्षर काढू नये."

त्यांनी फोन बंद करून मास्तरांकडे दिला, घड्याळ काढलं आणि अनवाणी मागच्या खोलीत गेल्या.